पोरींना न्हाऊ घालणारे हवालदार

मामंजी,

काल सकाळी सिंधूला मी स्वतः न्हाऊ घातलं. एवढे दिवस घरात माणसं होती, कुणी ना कुणी तिला उचलून न्यायचं. काल सगळी आपापल्या गावी गेली आणि न्हाणीत मी नि ती अशा दोघीच राहिलो. पाय लांब करून तिला पालथी घेतली, पाठीवर पहिला तांब्या ओतला, तशी तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. रडली नाही. हे कोण आलंय नवीन, अशी नुसती बघत राहिली. वर्षही न भरलेल्या पोरीला आईचे हात परके वाटावेत, आणि आईला त्याचं वाईट वाटायच्या आधी हसू यावं, असं घर तुम्ही करून ठेवलंत.

हसले मी, मामंजी. मग रडले. मग पाणी निवायला लागलं म्हणून रडणं थांबवून तिचं डोकं धुतलं.

भेटायला आलेल्यांनी तुमच्या नोकरीच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या. दरोडेखोराचा माग कसा काढलात, जत्रेत नुसत्या आवाजानं मारामारी कशी थांबवलीत. त्या मी इथं लिहीत नाही. त्या सांगणारे खूप आहेत. मी लिहिते आहे ते या दोन खोल्यांत घडलेलं.

तुम्ही गावाकडून बोईसरला आलात तेव्हा मला तुमची भीती वाटायची. सासूबाई जाऊन तर कितीतरी वर्षं झाली होती, मी त्यांना पाहिलंही नाही. ह्यांना तारापूरच्या वीजघराच्या बांधकामावर फिटरची नोकरी लागली, आम्ही स्टेशनजवळच्या चाळीत बिऱ्हाड केलं, आणि पेन्शन झाल्यावर तुम्ही वळकटी घेऊन दारात उभे. थोरल्या भाऊजींकडं साताऱ्याच्या बाजूला मोठं घर होतं, शेती होती. ते सोडून इथं का आलात, हे विचारायची माझी छाती नव्हती. डोक्याला फेटा, हातात काठी, आणि आवाज असा की तुम्ही पाणी मागितलंत तर शेजारच्या खोलीतलं पोर रडायचं थांबायचं. मी पदर नाकापर्यंत ओढून असायची. आपलं बोलणं सगळं ह्यांच्यामार्फत. 'तिला सांग, आमटीत मीठ कमी हाय.' मी भिंतीआडून ऐकायची आणि मीठ घालायची.

तोवर माझ्या पोटातली दोन बाळं गेली होती. एक गावाकडं, एक इथं. दुसऱ्या वेळेनंतर गावाहून एक पाहुणा निरोप घेऊन आला, की धाकट्यानं दुसरी बायको करावी, हिच्या कुशीत काही टिकत नाही. मी स्वयंपाकघरात बसून ऐकत होते. तुम्ही पाहुण्याला चहा पाजलात, त्याची पिशवी स्वतः उचललीत आणि त्याला पुढच्या गाडीत बसवून आलात. घरात येऊन फेटा खुंटीला अडकवलात आणि म्हणालात, 'आमटी झाली का इचार तिला.' एवढंच. त्या दिवशी भीती थोडी कमी झाली.

तिसऱ्या वेळी चौथा महिना लागला आणि एके सकाळी पुन्हा लाल दिसलं. हे मला पालघरला डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेले. तुम्ही न सांगता मागून आलात आणि दवाखान्याच्या पडद्याबाहेर उभे राहिलात. बाईंनी तपासलं आणि स्पष्ट सांगितलं, 'बाळ आहे. पण ते ठेवायचं असेल तर बाळंत होईपर्यंत हिनं अंथरुणातून उठायचं नाही. खाटेच्या पायथ्याखाली विटा लावा. चूल नाही, विहीर नाही, न्हाणीपर्यंत चालणंसुद्धा नाही. घरात बाई कोण आहे?'

हे खाली बघत राहिले. माझी आई अर्धांगानं अंथरुणाला खिळलेली, वहिनी तिचं करता करता थकलेली. आणि जाऊबाई येणार नव्हत्या, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं.

पडद्यापलीकडून तुमचा आवाज आला. 'मी हाय.'

बाईंनी पडदा सारला. 'आजोबा, बाईमाणूस म्हणतेय मी.'

'बाईमाणूस न्हाई घरात. मी हाय. काय करायचं ते मला सांगा.'

त्यांनी तुमच्या मिशांकडं बघितलं, काठीकडं बघितलं. आणि मग खरोखरच सगळं तुम्हालाच सांगायला लागल्या. खायला काय, औषध कधी, कशाची भीती, केव्हा धावत यायचं. तुम्ही पाय जुळवून, हात पाठीमागं बांधून साहेबाचा हुकूम ऐकावा तसं ऐकलंत. शेवटी विचारलंत, 'आनि भ्यायचं काय काम न्हाई ना?' बाई म्हणाल्या, 'भ्यायचं काम आहे. म्हणूनच एवढं सांगतेय.'

कुठून तरी ओळख काढून तुम्ही लोखंडी खाट आणलीत, तिच्या पायथ्याला विटा लावल्यात. मी उताण्यानं पडून कौलं बघायला लागले. हे पहाटे तारापूरच्या गाडीनं कामावर जायचे ते दिवेलागणीला परत यायचे. दिवसभर घरात तुम्ही आणि मी.

पहिल्या दिवसाचं आठवतं? मी दुपारपर्यंत कळ सोसून पडले होते. भांडं खाटेखाली होतं, पण ते कोण उचलणार, या लाजेनंच मी मेल्यासारखी झाले होते. शेवटी राहवेना. नंतर तोंडावर पदर घेऊन मी हुंदके द्यायला लागले. तुम्ही आत आलात, भिंतीकडं तोंड करून भांडं काढलंत आणि बाहेर गेलात. धुऊन परत आणून ठेवलंत.

मी म्हटलं, 'मामंजी, मला पाप लागेल.' तुमच्याशी थेट बोललेलं माझं ते पहिलं वाक्य.

'पोलिसात असताना नदीतनं कुजलेली मढी काढल्यात मी,' तुम्ही भिंतीलाच सांगितलंत. 'ह्यात काय हाय. तू गप पड. तुझं काम पडायचं, माझं काम बाकीचं.'

त्यानंतर आपल्यात लाज उरली नाही. मान उरला, लाज गेली. सासरा-सुनेत असं होऊ शकतं हे मला कुणी सांगितलं असतं तर मी कानांवर हात ठेवले असते.

तुम्हाला काहीएक येत नव्हतं, मामंजी. हे मी आज मोकळेपणानं लिहिते. पहिली भाकरी तुम्ही थापलीत ती मध्ये कच्ची आणि कडेला कोळसा. डाळ एकदा इतकी लागली की पातेलं माळ्यावर गेलं ते अजून तिथंच आहे. रेशनला तेव्हा तो लाल मिलो मिळायचा, परदेशातून येणारी जाडीभरडी ज्वारी. तो माझ्या पोटात जाऊ नये म्हणून तुम्ही सालवडपर्यंत चालत जाऊन घरचे तांदूळ आणायचात आणि मग त्या तांदळाची खीर करायचात, ती सुरीनं कापावी लागायची. मी खायची. तुम्ही उंबऱ्यात बसून ताट रिकामं होईपर्यंत पहारा द्यायचात.

येत नव्हतं म्हणून तुम्ही विचारायला लागलात. चाळीच्या विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायकांमध्ये जाऊन उभे राहिलात आणि हवालदारी आवाजात विचारलंत, 'पोटुशीला काय घालत्यात?' दोघींच्या कळश्या खाली पडल्या म्हणे. दुसऱ्या दिवशी चाळभर झालं, म्हातारा बायकांत घुसतो. तुम्ही तिसऱ्या दिवशीही गेलात. आठवड्याभरानं त्याच बायका आपणहून कुणी शेपू, कुणी नाचणीचं सत्त्व दाराशी ठेवून जायला लागल्या.

आणि मुरबे गावची हिराबाय. तुमची पहिली वैरीण. सकाळच्या गाडीनं मासळीची पाटी घेऊन ती चाळीत यायची आणि तुम्ही नाकाला उपरणं लावून दार लोटून घ्यायचात. घाटावरच्या माणसाला सुक्या बोंबलाचा वास कसा सोसावा! तिनंच एके दिवशी दार ढकललं, मला बघितलं आणि तुमच्यावर तोफ डागली.

'हवालदारबाबा, सून पांढरीफटक पडली हाय. तुमी तिला नुसत्या डाळीवर ठेवली काय? मिशी पिळून पोर नाय होत!'

तुमच्याशी असं बोलणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता काठी उचलणार. तुम्ही काठी भिंतीला टेकवलीत आणि म्हणालात, 'मग काय घालू ते सांग.' त्या दिवसापासून ती रोज पाटी रिकामी झाली की यायची, माझी वेणी-फणी करायची, अंग पुसून लुगडं बदलायची. तेवढं एक काम तुम्ही तिच्यावर सोपवलंत. ती आत असेपर्यंत तुम्ही बाहेर ओट्यावर पाठ करून बसायचात आणि पाटीवर कावळा बसू नये म्हणून राखण करायचात. बोंबलाच्या पाटीची राखण! गावाकडं कुणाला सांगून पटलं नसतं.

दुपार मोठी असायची. मी रडवेली झाले की तुम्ही उंबऱ्यात बसून चोरांच्या गोष्टी सांगायचात. मला घाबरवायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. त्यामुळं तुमच्या गोष्टीतला एकही चोर कुणाला मारायचा नाही. दरोडेखोर डोंगरातून यायचे, वाड्याचं दार फोडायचे आणि आत आजारी माणूस बघून माफी मागून परत जायचे. मी एकदा विचारलं, 'मामंजी, सगळेच दरोडेखोर इतके भले होते, तर तुम्हाला पगार कशाचा मिळायचा?' तुम्ही मिशीतल्या मिशीत हसलात. तुम्हाला हसताना मी पहिल्यांदा ऐकलं. बघितलं नाही, पदर होता. ऐकलं.

चौथा गेला. पाचवा गेला. पाचवा गेला त्या दिवशी तुम्ही स्टेशनाजवळच्या मारुतीला नारळ फोडून आलात आणि खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर न ठेवता खाटेच्या दांडीवर ठेवलात, जसं काही तो खाटेचाच मान होता. सहाव्यात बाळ इतकं फिरायला लागलं की पांघरूण हलायचं. सातवा गेला.

आठवा सरत आला आणि थंडीतल्या एका दुपारी मला कळा सुरू झाल्या. हे कामावर होते. पालघरची गाडी नुकतीच गेली होती, पुढची संध्याकाळी. आणि चाळीतल्या बायका दारात जमून एकमेकींच्या कानात कुजबुजायला लागल्या की आठव्यातलं जगत नाही.

'कोन म्हनतंय?' तुम्ही असे ओरडलात की सगळा ओटा रिकामा झाला. मग फेटा बांधलात, काठी घेतलीत आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिलात. तारापूरला सिमेंट टाकून परत निघालेला रिकामा ट्रक आला. त्यानं भोंगा वाजवला, तुम्ही हलला नाहीत.

'मरना है क्या बाबा?' ड्रायव्हर खाली वाकून ओरडला.

'मरना नहीं, जनम देना है!' तुम्ही म्हणालात. हिराबाय मागं होती, तिनं हे नंतर पन्नास जणांना सांगितलं. 'बहू है मेरी. पालघर चलो. और धीरे चलो, बैलगाडी के माफिक!'

चार जणांनी मला खाटेसकट उचललं आणि ट्रकवर चढवलं. उशाशी हिराबाय बसली. पायथ्याच्या विटा तुम्ही आठवणीनं घेतल्यात, ट्रकमध्येही लावल्यात, आणि त्या सरकू नयेत म्हणून त्यांच्यावर पाय रोवून सबंध रस्ता उभे राहिलात. सिमेंटच्या धुरळ्यानं आपण तिघं पांढरे झालो होतो. समोर बैलगाडी आली की तुम्ही वरून ओरडायचात, 'बाजूला! सरकारी काम हाय!' मी कळांमध्ये विचारलं, 'मामंजी, कसलं सरकारी काम?' तुम्ही म्हणालात, 'गप पड. ह्याच्यापरीस सरकारी काय असतं?'

तेव्हा माझी सगळी भीती गेली. मला तो ट्रक आजही मिरवणुकीसारखा आठवतो.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विटा बघितल्या आणि त्या गडबडीतही हसल्या. 'आजोबा, कळा सुरू झाल्यावर विटा कशाला आणल्या?' तुमचा चेहरा पडला म्हणे. पण त्याच बाईंनी नंतर सांगितलं, की एवढे महिने या विटा हलल्या नाहीत म्हणूनच आज ही मुलगी हातात आहे.

मुलगी. इवलीशी, लालबुंद, मांजराच्या पिल्लासारखा आवाज. घाईत आपण घरून एक फडकंही आणलं नव्हतं. नर्स म्हणाली, मऊ कापड द्या, लवकर. तुम्ही डोक्याचा फेटा सोडलात. जुना, धुऊन धुऊन सायीसारखा झालेला. दातानं कड फाडून त्याचे तुकडे केलेत आणि एकेक करून दाराच्या फटीतून आत दिलेत. संध्याकाळी हे धावत आले तेव्हा तुम्ही व्हरांड्यात बोडक्या डोक्यानं बसला होतात. ह्यांनी तुम्हाला असं कधी बघितलं नव्हतं. ह्यांना वाटलं, सगळं संपलं. तुम्ही म्हणालात, 'रडतोस काय? आत जाऊन बघ. माझ्या फेट्यात झोपलीया.'

पोरगी झाली म्हणून गावाकडून कुणी आलं नाही. बरंच झालं. तिला सांभाळायचं तेच इतकं होतं, की पाहुण्यांना चहा करायला तुम्हाला वेळ नसता. तिला उबेत ठेवा, सारखं पाजा, असा बाईंचा हुकूम होता. तुम्ही पोलिसातला जुना गरम कोट काढलात, तिला छातीशी धरून वरून बटणं लावलीत आणि सकाळच्या उन्हात ओट्यावर बसून राहिलात. चाळीतली पोरं विचारायची, 'बाबा, कोटात काय हाय?' तुम्ही म्हणायचात, 'कैदी.'

पण दूध पुरेना. मी पुन्हा रडायला लागले. हिराबाय म्हणाली, 'हवालदारबाबा, तिला मोरी द्या. मोरी खाल्ली की दूध उतरतं.'

तुम्ही न्हाणीकडं बोट दाखवलंत. 'मोरी?'

'ती नाय! मासा, मासा! मोरी मासा!'

'मोरी खायाची असती व्हय?' तुम्ही इतके संतापलात की हिराबाय पाटी टाकून हसत बसली. आमच्याकडं सांडपाणी जातं ती मोरी. पण दुसऱ्या दिवशी तिनं मुरब्याहून मोरी आणली, अंगणात तीन दगड मांडले आणि तुम्ही नाकाला उपरणं बांधून, एका हातानं डोळे पुसत, तिनं सांगितलं तसं आलं-लसूण वाटून कालवण केलंत. हिराबाय शेजारी उभी राहून म्हणत होती, 'आमी काय पोरं नाय काढली काय? घाला अजून लसूण, घाबरू नका!' मी दोन वाट्या प्यायले. मोरीनं उतरलं की तुमच्या हट्टानं, देव जाणे, पण त्या आठवड्यात दूध आलं. पोरीचं नाव आपण उजू ठेवलं होतं; तिच्या ओठांच्या कडेनं ओघळलेलं दूध बघून हिराबायनं टाळी वाजवली आणि तुम्ही अंगणात जाऊन उगाचच काठी आपटलीत.

पोरीला न्हाऊ घालायला ठेवलेली बाई महिन्याभरात दुसरीकडं गेली. माझ्या अंगात अजून ताकद नव्हती. आता कोण? तुम्ही बाजारातून एक लाल भोपळा आणलात. मला वाटलं, भाजीला. तुम्ही न्हाणीत पाटावर बसून पाय लांब केलेत, भोपळा नडग्यांवर ठेवलात आणि त्याला तेल लावायला लागलात. दोन दिवस तुम्ही त्या भोपळ्याला न्हाऊ घालत होता. तो दोनदा सटकून न्हाणीच्या कोपऱ्यात गेला. तिसऱ्या दिवशी सटकला नाही, तेव्हा तुम्ही उजूला मागितलीत. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तुमच्या त्या एवढाल्या पंजात तिची सबंध पाठ मावत होती. तुम्ही पाणी ओतलंत, ती किंचाळली, आणि तुम्ही तुमच्या कडक आवाजात म्हणालात, 'सावधान!' पोरगी चक्क गप्प झाली. तेव्हापासून चार वर्षं या घरात अंघोळीला 'सावधान' म्हणतात.

ह्यांनी मात्र तुमच्यासमोर पोरीला कधी उचललं नाही. वडीलधाऱ्यांदेखत स्वतःचं मूल घ्यायचं नाही, ही आपल्याकडची रीत. तुम्ही बाहेर गेलात की हे तिला घेऊन नाचायचे आणि तुमच्या काठीचा आवाज आला की घाईनं माझ्याकडं द्यायचे. तुम्हाला हे माहीत होतं. म्हणून तुम्ही दारात यायच्या आधी काठी दोनदा जास्त आपटायचात.

आपले दोन वाद राहिले, मामंजी. पहिला छोटा. उजू पहिला शब्द कोणता बोलली? मी म्हणते 'आई'. तुम्ही म्हणायचात 'आजा'. ती नुसतं 'आ' म्हणाली होती हे दोघांनाही ठाऊक होतं. या वादात मी अजून हार मानलेली नाही, आणि आता तर मुळीच मानणार नाही.

दुसरा वाद मोठा. उजू तीन वर्षांची झाल्यावर मला पुन्हा मूल हवंसं वाटलं. गावाकडून वंशाच्या दिव्याचे निरोप येतच होते, त्यासाठी नव्हे. मलाच हवं होतं. उजूच्या वेळी उताणं पडून कौलं बघण्यात सगळे दिवस गेले होते. मला एकदा पोट पुढं करून, चालत, बाजारातून जायचं होतं. तुम्ही म्हणालात, 'न्हाई.' मी पदर मागं सारला आणि पहिल्यांदा तुमच्या डोळ्याला डोळा देऊन म्हटलं, 'मला पाहिजे.'

'एक पोरगी हाय. लई झालं. जीवाशी खेळायचं न्हाई.'

'जीव माझा आहे, मामंजी.'

तुम्ही जमिनीकडं बघत म्हणालात, 'तिची तिसरी खेप होती. मी बंदोबस्ताला होतो. घरी आलो तवा चूल इझलेली.'

सासूबाईंबद्दल तुम्ही माझ्याजवळ बोललात ते एवढंच. मग मला कळलं, मोठं घर सोडून तुम्ही आमच्या दोन खोल्यांत कशाला आला होता, आणि दवाखान्याच्या पडद्याबाहेर कशाला उभे होता. मी काही बोलले नाही. तेव्हा बोलायला हवं होतं की गप्प राहिले तेच बरं, हे मला अजून ठरवता येत नाही. चार दिवसांनी तुम्हीच म्हणालात, 'डॉक्टरीणबाईला इचारू. ती हो म्हणली तर हो.'

बाई हो म्हणाल्या, आणि दिवस राहिल्यावर त्यांनी मुंबईला पाठवलं. गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घालतात, तसा घातला. आणि या खेपेला मी चालले! बोईसरच्या बाजारातून, पोट पुढं करून, उजूचं बोट धरून मी चालले, आणि तुम्ही दहा पावलं मागं काठी घेऊन, रस्ता तुमच्याच ताब्यात असल्यासारखे. भाजीवाली म्हणाली, 'वहिनी, मागं पोलीस कशाला?' मी म्हटलं, 'बंदोबस्त आहे.' बोलून गेले आणि जीभ चावली. मागं वळून बघितलं. तुम्ही ऐकलं होतं. आणि तुम्ही हसत होता. या वेळी मी ते बघितलं, पदर नव्हता.

सिंधू पुऱ्या दिवसांची, चांगली वजनदार झाली. बाईंनी तुमच्या हातात दिली तेव्हा तुम्ही तोलून म्हणालात, 'ही भोपळा हाय.'

आणि मग परवा-परवाच, एका दुपारी, जेवून ओट्यावर टेकलात ते टेकलातच. ना आजारपण, ना अंथरूण. मला तुमचं काही करूच दिलं नाहीत. एक भांडं उचलू दिलं नाहीत. याचा मला राग आहे, मामंजी, आणि तो मी सांगणारच. पोरीसारखं केलंत, तर पोरीचा हक्क तरी द्यायचा होता.

तेराव्याचं सांगायचं राहिलं. ह्यांनी हट्टानं तो इथंच केला. अंगणात मांडव होता. थोरले भाऊजी बोलायला उभे राहिले. तुमची नोकरी, तुमचा दरारा सांगून झाला आणि शेवटी म्हणाले, 'आबांनी सगळं बघितलं. फक्त एक राहिलं. इथं धाकट्याच्या घरी नातू बघायचं सुख त्यांना मिळालं नाही. त्या दुःखातच गेले.'

मी बायकांत मागं बसले होते. उठले कधी हे मला कळलं नाही. पुरुषांनी भरलेल्या मांडवात मी उभी होते.

'दुःखात नाही गेले,' मी म्हटलं. माझा आवाज इतका मोठा आहे हे मला ठाऊक नव्हतं. 'मामंजींनी माझ्या दोन्ही पोरींना रोज न्हाऊ घातलं. त्यांची दुपटी धुतली. मी महिनोन्महिने पडून होते तेव्हा माझं सगळं केलं, आईनं करावं तसं. स्वतःचा फेटा फाडून पोरीला गुंडाळली. ज्या दिवशी गेले त्या दिवशी सकाळीसुद्धा धाकटीला न्हाऊ घालून गेले. ते सुखात गेले. मी बघितलंय.'

भाऊजी तोंड उघडून माझ्याकडं बघत होते. मला वाटलं, आता धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. तेवढ्यात मागून हिराबाय उठली.

'आनि मोरी रांधली, ती बी सांग गो! नाकाला फडका बांधून!'

कुणीतरी खुदकन हसलं. मग तुमच्याबरोबर नोकरीत असलेले दोन म्हातारे आले होते, ते हसले. मग विहिरीवरच्या बायका, त्यांना सगळंच ठाऊक होतं. आणि मग सबंध मांडव हसला, मामंजी. तुमच्या तेराव्याला माणसं डोळे पुसत पुसत हसत होती.

त्या आवाजानं सिंधू उठली आणि तिनं भोकाड पसरलं. मी तिच्याकडं जायच्या आत हे उठले. सगळ्यांसमोर तिला उचललं, ओली आहे बघून तिथंच मांडी घालून बसले, तिला आडवी घेतली आणि ओलं दुपटं काढून कोरडं बांधलं. घाई केली नाही. थोरल्या भाऊजींनी मान दुसरीकडं वळवली. ह्यांनी वळवली नाही.